कालिना कॅम्पसला एमए: बदलापूरला मावशीकडे राहू की जवळपास कॉट बघू?

गुहागरची

नमस्कार सगळ्यांना. मी गुहागर तालुक्यातली, बीए समाजशास्त्र घेऊन केलं. आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं, म्हणजे तीन वर्षं मार्कशीटवर मुंबई विद्यापीठ छापून आलं पण विद्यापीठ कसं आहे ते फक्त फोटोत बघितलंय. आता एमएसाठी कालिनाला समाजशास्त्र विभागात नाव लागलंय. घरी सगळे खूश आहेत पण राहायचं कुठे यावर रोज रात्री जेवताना चर्चा. माझी मावशी बदलापूरला असते, ती म्हणते इकडे ये, घर असताना बाहेर कशाला राहायचं. बाबांनाही तेच बरं वाटतं, खर्च वाचतो आणि काळजी राहत नाही. मला मावशीकडे राहायला अजिबात अडचण नाही, तिने मला लहानपणी सांभाळलंय.

पण एक सिनियर ताई म्हणाली की कालिनाला जे काही मिळतं ते लेक्चर संपल्यावर मिळतं आणि लांबच्या मुली नेमक्या तेव्हाच स्टेशनकडे पळतात. दुसऱ्या एकीने सांगितलं की तिथे कॅम्पस लाइफ वगैरे काही नसतं, लोक येतात, लेक्चर करतात, जातात. आता यातलं कुठलं खरं धरू? हॉस्टेलला अर्ज करणारच आहे पण नंबर लागेलच असं नाही, मग कॅम्पसजवळ कॉट, म्हणजे कोणाच्या घरात इतर मुलींबरोबर एक पलंग भाड्याने, बघावी लागेल. जे तिथे शिकतायत किंवा शिकलेत त्यांनी प्लीज सांगा. आणि माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, त्याचंही टेन्शन आहे.

अंबरनाथ लेडीज डबा

अगं मी अंबरनाथहून येते, इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तुझ्या मावशीच्या अलीकडचंच स्टेशन, त्यामुळे मला यातलं बऱ्यापैकी माहितीय. बदलापूर ते कुर्ला गाडीत तासभर लागतो पण तो तास धरून चालू नकोस, घरातून निघाल्यापासून वर्गात बसेपर्यंत दोन तास धर. बदलापूरहून सुटणारी गाडी पकडलीस तर बसायला मिळेल, कर्जत-खोपोलीची गाडी भरूनच येते, तिच्या नादी लागू नको. घाटकोपर गेलं की दाराकडे सरकायला लागायचं कारण कुर्ल्याला चढणाऱ्यांची गर्दी एवढी असते की उतरायला मिळत नाही. मग कुर्ला पश्चिमेला बाहेर आलं की सांताक्रूझ पूर्वेला जाणाऱ्या बेस्टच्या बस असतात, त्या कालिन्यावरून जातात. रिक्षापण आहेत पण रोज परवडत नाहीत. बसचं कमीत कमी तिकीट मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं, तेवढं हिशोबात धर. रेल्वे पासचा कन्सेशन फॉर्म विभागाकडून मिळतो, प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यातच घे, नंतर घेऊ म्हटलं की महिना पूर्ण पैशाने जातो.

हे सगळं जमतं. सवय होते, डब्यात मैत्रिणी होतात, मी अर्धी रीडिंग गाडीतच करते, फोनवर पीडीएफ. पण तुझी सिनियर म्हणते ते खरं आहे गं. आमच्याकडे पाहुणे प्राध्यापकांची व्याख्यानं दुपारी साडेतीन-चारला सुरू होतात, प्रश्नोत्तरं रंगतात तेव्हा पाच वाजून गेलेले असतात आणि माझं अर्धं लक्ष घड्याळात, कारण साडेपाचनंतर कुर्ल्याला डब्यात पाय ठेवायला जागा नसते. व्याख्यान झाल्यावर सर-मॅडम आणि चारपाच मुलं कॅन्टीनला चहाला जातात आणि खऱ्या गप्पा तिथे होतात, कुठलं पुस्तक वाचायचं, प्रोजेक्टला विषय काय घ्यायचा, नेटची (प्राध्यापक व्हायला द्यावी लागते ती परीक्षा) तयारी कशी करायची, हे सगळं. ते मला दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून कळतं. मी अभ्यासात मागे नाही पण हे जे सुटतं त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं.

पावसाळ्याचं वेगळंच. रुळावर पाणी आलं की सगळं ठप्प. आता एक झालंय, मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) टप्पा ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला, त्यामुळे गाडी घाटकोपरला अडकली तर तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून सांताक्रूझ, आणि पुढे रिक्षा असं येता येतं. खर्चिक आहे पण परीक्षेच्या दिवशी हा रस्ता माहीत असलेला बरा.

पार्टटाइम एमए

माझं मत थोडं वेगळं आहे, मांडतो. मी कांदिवलीला घरी राहतो, बीकेसीत अर्धा दिवस काम करतो आणि कालिनाला एमए करतोय, अर्थशास्त्र. माझ्या वर्गात माझ्यासारखे बरेच आहेत, कोणी क्लासवर शिकवतं, कोणी एमपीएससी करतं, कोणी आईच्या पोळीभाजी केंद्रावर सकाळी बसून मग लेक्चरला येतं. आमच्यासाठी विद्यापीठ म्हणजे लेक्चर, लायब्ररी, परीक्षा. आणि त्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. ही कॅम्पस लाइफची कल्पना सिनेमातून आलेली आहे, उपनगरातल्या विद्यापीठात जिथे पालघरपासून पनवेलपर्यंतची मुलं गाडी पकडून येतात तिथे संध्याकाळी कॅम्पस रिकामा होणारच.

कॉटसाठी वडिलांवर बोजा टाकण्याआधी विचार कर. कालिना, वाकोला, कुर्ला पश्चिम, तिन्हीकडे बीकेसीतल्या नोकरदारांमुळे भाडी चढलेली आहेत. डिपॉझिट वेगळं, मेस वेगळी. मावशीकडे दोन वेळचं घरचं जेवण आहे, आजारी पडलीस तर माणूस आहे. हे लहान नाही. वाटलं तर शनिवार पूर्ण दिवस लायब्ररीला दे, जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बसलीस की प्रवासाचा सगळा वेळ भरून निघतो.

जुनी समाजशास्त्रवाली

गुहागरची, मी तुझ्याच विभागात २००४ ते २००६ होते म्हणून लिहितेय, आणि थोडं लांबेल.

आधी तू कुठे चाललीयस ते ऐक. विद्यापीठ १८५७ चं, कलकत्ता-मद्रासच्या बरोबरीचं, ते सगळे सांगतात. पण तुझा विभाग १९१९ चा आहे, भारतातला समाजशास्त्राचा पहिला विभाग, पॅट्रिक गेडीस नावाच्या स्कॉटिश माणसाने सुरू केलेला. १९२४ ला त्याच्यानंतर गो. स. घुर्ये आले, आणि घुर्ये मालवणचे, तुझ्या कोकणातले. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, अ. रा. देसाईपण. पहिल्या सेमिस्टरला ही नावं सिलॅबसमध्ये येतील तेव्हा ती परकी वाटून घेऊ नकोस, तू त्याच विभागात बसलेली असशील. हा विभाग तेव्हा फोर्टला होता, कालिना नंतर झालं. फोर्टलाही जात जा, राजाबाई टॉवरखालचं ग्रंथालय एकदा तरी आत जाऊन बघ, तिथली रंगीत काचांची खिडकी आणि उंच छत बघून वाचायला बसावंसं वाटतं.

आता राहण्याचं. कालिनाचा कॅम्पस २४३ एकरांचा आहे आणि पहिल्यांदा आलीस की तो ओकाबोका वाटेल, इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये झाडी, डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की वर्गात बोलणं थांबवावं लागतं. सगळ्यांना जोडणारं असं एक ठिकाण नाही, त्यामुळे दुसरी मैत्रीण म्हणते तसं इथे काहीच नाही असं खूप जणांना वाटतं. पण मी कालिना गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, एका ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) आजींकडे कॉट बेसिसवर राहायचे, आम्ही तिघी होतो, आणि संध्याकाळी सहानंतर जो कॅम्पस मी पाहिला तो दिवसा येणाऱ्यांना माहीतच नव्हता. थिएटर आर्ट्सची मुलं मोकळ्या जागेत तालीम करायची, लोककला अकादमीच्या बाजूने ढोलकी ऐकू यायची, युवा महोत्सवाच्या आधी तर रात्रीपर्यंत गडबड. रीडिंग रूममध्ये रोज तीच मंडळी, भौतिकशास्त्रातला पीएचडीवाला, पाली शिकणारे एक निवृत्त गृहस्थ, एमपीएससीची पोरं. मला समाजशास्त्र म्हणून जे काही समजलं त्यातलं बरंचसं या लोकांशी बोलून समजलं, कारण लातूरची, चंद्रपूरची, पालघरच्या पाड्यावरची मुलं आपापल्या गावचं सांगायची आणि सकाळी वर्गात वाचलेलं एकदम डोळ्यासमोर यायचं. वर्गात हे होत नाही, तिथे सिलॅबस पुरा करायचा असतो.

पार्टटाइम एमए, तुमचं खर्चाचं म्हणणं पटतं, आणि काम करून शिकणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण शनिवारच्या लायब्ररीने ते भरून निघतं हे नाही पटत. पुस्तक शनिवारी मिळेल, माणसं कामाच्या दिवशी संध्याकाळीच भेटतात. आणि जी मुलगी गावाहून पहिल्यांदा येते तिच्यासाठी हा फरक आणखी मोठा आहे, तुमचे शाळेपासूनचे मित्र कांदिवलीत आहेत, तिचं इथे कोणीच नाही.

एक पावसाचं सांगते कारण ते गमतीचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. मिठी नदी इथून जवळ आहे, कालिन्यात घराघरात पाणी होतं. लांबच्या मुलींनी ती रात्र जिथे जागा मिळेल तिथे काढली. घर बघताना तळमजला घेऊ नकोस, भाडं कमी असलं तरी.

नांदेडचा

मी सरकारी वसतिगृहात राहून एमए केलं, राज्यशास्त्र, मागच्याच वर्षी संपलं. पैशाचं कोणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो.

ताई तुम्ही कुठल्या प्रवर्गात आहात माहीत नाही पण वसतिगृहात नंबर नाही लागला तरी रस्ते आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे, सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर मुंबईसाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत भत्ता खात्यात येतो. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयम् योजना आहे, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अटी नीट वाचा, उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला गावाकडूनच काढून आणा, मुंबईत आल्यावर त्यासाठी परत जावं लागलं तर एसटीचं भाडं आणि आठवडा दोन्ही जातं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, भरायचा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, साइट तेव्हा चालत नाही. पैसे उशिरा येतात हे पण धरून चाला, पहिले काही महिने घरूनच काढावे लागतात.

मराठीचं टेन्शन मला पण होतं, लय होतं. वाचायला देतात ते जवळपास सगळं इंग्रजी. मी काय केलं, एखादी संकल्पना आली की आधी मराठी विश्वकोशात बघायचो, तो नेटवर फुकट आहे, मग इंग्रजी लेख घ्यायचो, अर्धं कळलेलं असायचं त्यामुळे धीर यायचा. उत्तरं मराठीत लिहिण्याबद्दल प्रवेश घेतानाच विभागात विचारून घ्या. आणि वर्गात मराठीत प्रश्न विचारा. मी पहिले दोन महिने गप्प बसलो होतो, मग एका मॅडमनीच सांगितलं की मराठीत बोल, मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यानंतर वर्गातली अजून चार मुलं मराठीत बोलायला लागली.

गुहागरची

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. घुर्ये मालवणचे हे मला खरंच माहीत नव्हतं, बीएला त्यांच्यावर प्रश्न लिहिलाय मी! बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले हॉस्टेलचा निकाल लागेपर्यंत मावशीकडे राहा आणि मग बघू. आमचा ओबीसीचा दाखला आहे, आधार योजनेचं उद्याच तलाठी ऑफिसला जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचं बघते. जुन्या ताई, त्या आजी अजून कॉट देतात का?

जुनी समाजशास्त्रवाली

आजी आता नाहीत गं, घराच्या जागी टॉवर झालाय. पण कालिना गावात अजून काही जुनी घरं आहेत, तिथे मुली ठेवतात. नेटवरच्या जाहिरातीवर डिपॉझिट पाठवू नकोस. आलीस की विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, एमए संपवून जाणाऱ्या मुली आपली कॉट ओळखीच्या मुलीला देऊन जातात, बहुतेक घरं अशीच मिळतात. बाबांना एकदा बरोबर आण, घरमालकिणीशी त्यांचं बोलणं झालं की त्यांचीही काळजी मिटेल.

अंबरनाथ लेडीज डबा

आणि मावशीकडे आहेस तोपर्यंत मला मेसेज कर, सकाळी एकाच गाडीने जाऊ. मधला लेडीज डबा. ज्या दिवशी संध्याकाळी व्याख्यान असेल त्या दिवशी दोघी थांबू, परतीला सोबत असली की उशिराची गाडीपण चालते. मी एकटी होते म्हणून थांबत नव्हते.