मदत हवी आहे : सोलो वाजवताना बोटं त्याच त्या फ्रेजवर येतात

नमस्कार मंडळी,

गिटारवर इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं) करणाऱ्यांचा सल्ला हवाय. ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलची पाचव्या फ्रेटवरची (पडद्यावरची) पोझिशन हातात चांगली बसली आहे. आपल्या धानी रागाचेच हे स्वर (ग, नी कोमल, रे, ध वर्ज्य), त्यामुळे कानाला ओळखीचे. पण ए मधल्या बारा बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) ब्लूजवर वाजवायला लागलो की फिरून फिरून तेच तुकडे येतात.

पाचव्या बारला डी७ हा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) येतो, तेव्हा दुसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा एफ शार्प धरला की कॉर्ड बदलल्याचं स्पष्ट ऐकू येतं. फार गोड लागतो तो स्वर! संथ लयीत हे जमतं. मेट्रोनोम १०० च्या पुढे गेला की सुचायच्या आत बार निघून जातो. अशा वेळी कॉर्डचे स्वर आधी गाऊन मग वाजवावेत, की काही दिवस एकाच तारेवर सोलो करावा? रोज अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यात तार बदलताना पिक अडकतं, त्यावरही काम करायचंय.

आम्ही काही मित्र दर रविवारी एकाच बॅकिंग ट्रॅकवर (रेकॉर्ड केलेल्या साथीवर) वाजवून रेकॉर्डिंग एकमेकांना पाठवतो. रियाज टिकलाय तो या मंडळींमुळेच. पण दाद ‘भारी!’, ‘एक नंबर!’ इथेच थांबते. हुरूपही टिकेल आणि सुधारणाही होईल, असं एकमेकांच्या वाजवण्यात नेमकं काय ऐकावं, कसं सांगावं? तुमच्या ग्रुपमध्ये कसं करता?