मदत हवी आहे: दोघांसाठी 'कार्कासोन' ठेवावा की 'स्प्लेंडर'?
नुकत्याच खेळलेल्या बोर्ड गेमपैकी कपाटात दोनच मावतील. घरी बहुधा आम्ही दोघेच खेळतो, त्यामुळे किमान तिघे लागणारा 'कटान' बाद केला आहे. 'अझुल' (२०१७) निश्चित राहील. समोरच्याला नको त्या फरशा उचलायला लावून त्याचे गुण घटवण्यातली चुरस दोघांतच खरी रंगते. 'कार्कासोन'मध्ये (२०००) फरशा जोडून बनणाऱ्या शेतात आडवा ठेवलेला शेतकरी (आपली सोंगटी) शेवटपर्यंत परत मिळत नाही आणि शेतांच्या सीमा ठरवताना वाद होतात. शेतकरी वगळून खेळून पाहिले, तेव्हा हिशेब सुटसुटीत झाला, पण डाव सपक वाटला. 'स्प्लेंडर' (२०१४) लवकर आटोपतो, मात्र समोरच्याला हवा असलेला पत्ता स्वतःकडे राखून ठेवण्यापलीकडे त्यात अडवणूक फारशी नाही. विस्तारसंच (मूळ खेळाला जोडायचे जादा संच) घ्यायचे नाहीत. दोघांनीच दीर्घकाळ खेळलेल्यांना विचारतो: सरावानंतर शेतकऱ्यांसह 'कार्कासोन' अधिक रंगतो का, की 'स्प्लेंडर'च ठेवावा?