पन्हाळा आणि गुऱ्हाळ एकाच रविवारी: सोबत नऊ महिन्यांचं बाळ, साडेतीन वर्षांची मुलगी

रंकाळाकाठ:
येत्या रविवारी सगळ्यांनी कोल्हापुरातून पन्हाळ्याला जायचं ठरतंय. सोबत साडेतीन वर्षांची मुलगी, नऊ महिन्यांचं बाळ आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळं फार पायऱ्या नकोत. मुलीला गूळ कसा होतो ते दाखवायचं आहे. घरचा बेत असा: पहाटे सहाला निघायचं, आधी गड, येताना संध्याकाळी गुऱ्हाळ. दीर दुचाकी घेऊन येणार आहेत आणि मुलगी काकाच्या पुढं बसून जायचं म्हणतीय. माहितगारांनी सांगा: वेळ बरोबर आहे का, पोरांना कपडे किती घालायचे, गडावर कुठं जावं न् कुठं जाऊ नये, आणि गुऱ्हाळात काय सांभाळायचं?

बावडेकर:
ताई, पहाटे सहा नकोच. डिसेंबरात आपल्याकडं सूर्यच सातच्या सुमारास उगवतो. शिवाजी पुलापासून पुढं पंचगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यात त्या वेळी धुकं आणि बोचरा गारठा असतो. थंड हवा जड, ती रात्रभर खाली नदीकाठी साचते. म्हणून पहाटेचा पारा कधी कधी गडापेक्षा खाली शिवारातच उतरलेला असतो. गडावर थंडी वाजते ती वाऱ्यामुळं. साडेआठ-नऊला निघा, ऊन पसरलेलं असतं आणि बाळाची एक झोप व एक दूध घरीच होतं.

खरा प्रश्न नुसत्या थंडीचा नाही. सकाळी 15 अंशांच्या आसपास आणि दुपारी 28-29, हा जो फरक आहे तो सांभाळायचा असतो. सकाळी जाड स्वेटर, कानटोपी, वर शाल असं बांधून नेलेलं पोर अकराला घामानं भिजतं. तो ओला बनियन अंगावर तसाच राहतो आणि चारनंतर वारा सुटला की अंगाला गार लागतो. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ तीन घाला. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर. डोक्यातून घालायचा नको, झोपलेल्या बाळाचा काढता येत नाही. लोकर थेट अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते. गडासाठी वारा अडवणारं एक पातळ जाकीट वेगळं ठेवा. मोठ्या माणसाला जेवढे थर लागतात त्यापेक्षा बाळाला एक जास्त, आणि धावणाऱ्या मुलीला आपल्याइतकेच.

हातपाय गार लागले म्हणून थर वाढवू नका, बाळांचे हातपाय तसे गारच असतात. मानेच्या मागं बोटं घालून बघा. ओलसर लागलं तर एक थर काढा, गार लागलं तर वाढवा. प्रत्येकी दोन सुके बनियन पिशवीत वरच ठेवा आणि दुपारी एकदा बदला, घाम दिसो न दिसो. गाडीत काचा बंद असताना कानटोपी काढून ठेवायची.

आणखी एक. गाडीत बाळाची सीट असेल तर जाकीट घालून पट्टा बांधू नका. जाकिटाचा फुगवटा दबला की पट्टा सैल पडतो आणि जोराचा ब्रेक लागला तर बाळ पुढं सरकतं. आधी पट्टा अंगालगत घट्ट, मग वरून दुपटं. एवढ्या लहान बाळाची सीट मागच्या बाकावर, तोंड मागं करून. पुढच्या बाकावर मांडीत बाळ अजिबात नको, एअरबॅग उघडली तर तीच त्याच्या जिवावर बेतते.

चुलवाण:
वेळेबद्दल बावडेकरांशी सहमत, पण क्रमही उलटा करा. गुऱ्हाळ सकाळी, गड नंतर. संध्याकाळी गारठा उतरला की चुलवाणाचा, म्हणजे रस उकळायच्या भट्टीचा, धूर वर जात नाही, अंगणातच तरंगतो. लहान पोरांना खोकला लागायला तेवढं पुरतं. आणि अंधार पडला की त्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, ऊस बाजूला लोंबत असतो, समोरून प्रकाश आला की दिसतच नाही. साडेसहाच्या आत घरी पोचेल असाच बेत करा.

वडणगे-निगवे पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. आदल्या दिवशी मालकाला फोन करून एवढंच विचारा: सकाळचं आदण किती वाजता उतरणार? एका आदणाला, म्हणजे एका कढईभर रसाचा गूळ व्हायला, अडीच-तीन तास लागतात, आणि पोरांना बघण्यासारखं सगळं शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात असतं. नुसता उकळणारा रस बघून मुलगी पाच मिनिटांत कंटाळेल. आदण उतरायच्या चाळीस मिनिटं आधी पोचा.

क्रम असा दिसेल. घाण्यातून रस टाकीत, टाकीतून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. काळपट फेस जाऊन रस सोनेरी होत जातो, हे मुलीला मुद्दाम दाखवा. पुढं रस आटत जातो, बुडबुडे बारीक न् जड होतात. काकवी, म्हणजे पातळ गूळ, काढायची तर 105-106 अंशांना काढतात. गुळासाठी पुढं 118 अंशांपर्यंत नेतात. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो. गोळी जमली की काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या पसरट हौदात, रिकामी करतात, फावड्यानं घोटतात आणि घट्ट होत आलेला गूळ साच्यात भरतात.

आता सांभाळायचं काय. काहिलीचा काठ बऱ्याच ठिकाणी जमिनीपासून फार उंच नसतो, आणि आत जे आहे ते उकळत्या पाण्याहून जास्त तापलेलं, वर अंगाला चिकटणारं. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं, पाक जागेवर बसून भाजत राहतो. म्हणून काहील उचलायच्या वेळी मुलगी कडेवर, आणि काहिलीपासून निदान दहा-बारा फुटांवर, वारा आपल्या पाठीमागून येईल अशा बाजूला. हात धरून उभं करणं पुरेसं नाही, त्या वेळी कामगार लगबगीनं मागं-पुढं होतात. घाण्याचा पट्टा उघडा असतो, तिकडं तर जायचंच नाही. चिपाडांचे ढीग पोरांना खेळायला बोलावतात, पण त्यांच्या कडा धारदार असतात आणि आत विंचू, साप असू शकतात. गोडाला मधमाश्या, गांधीलमाश्या येतात, त्यामुळं पायात बंद बूट, चप्पल नको. बाळाला आत आणूच नका. सासूबाईंबरोबर बाहेर सावलीत, धुराच्या उलट दिशेला बसवा.

भाजलंच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. पाक पाण्यात विरघळत सुटतो, तो ओरबाडून काढायचा नाही, त्याबरोबर कातडी येते. तूप, टूथपेस्ट, बर्फ काही लावायचं नाही. गुऱ्हाळावर पाण्याचा नळ कुठं आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

रस प्यायचा तर आपला पेला घाण्याच्या तोंडाशी धरून ताजाच घ्या. टाकीतला नको, तो थोड्याच वेळात आंबायला लागतो. मुलीला अर्धा पेला पुष्कळ. बाळाला रस, काकवी, गरम गूळ, काहीच चाटवू नका. वर्षाच्या आत गोडाची सवय लावू नये, आणि मध तर अजिबातच नाही. मधातल्या जंतूंच्या बिजाणूंमुळं एवढ्या लहान बाळांना बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

तीन_दरवाजा:
गडाचं सांगतो. केर्ली, वाघबीळ करत वर गेलात की शेवटचा टप्पा वळणांचा आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला सहसा गाडी लागत नाही, तुमची मुलगी मात्र गाडी लागायच्या वयात येतीय. निघण्याआधी तास-दीड तास हलकं खायला द्या, तेलकट नको, रिकामं पोटही नको. वळणांवर हातात मोबाईल किंवा चित्रांचं पुस्तक नको, लांबचा डोंगर दाखवत राहा. काच दोन बोटं खाली.

वर गेल्यावर सगळं बघायचा अट्टहास धरू नका. तुमच्या मंडळींना अंबरखाना, म्हणजे गडावरची जुनी धान्यकोठारं, उत्तम. आसपास सपाट जागा आहे, सासूबाईंना बसता येतं, पोरांना पळता येतं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिन्ही कोठारांची नावं मुलीला आधीच सांगून ठेवा. आत छताला धान्य ओतायची भोकं आहेत, त्यातून उन्हाचे झोत खाली पडतात. मुलं तिथं बराच वेळ रमतात. पण बाहेरून छतावर जाणारा जिना आहे, त्यावर मुलीला एकटीला सोडू नका. आत एकदम गार असतं, घामेजलेल्या पोराला थेट आत नेऊ नये, बाहेर सावलीत दहा मिनिटं थांबा.

दुसरी जागा तबक उद्यान. डबा तिथं खा, तिथं झाडाखाली बाळाला झोपवता येतं. तीन दरवाज्याला गेलात तर कोरीवकाम बघून तिथूनच परत फिरा, खाली उतरणारी दगडी फरसबंदी सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि बाळ घेतलेल्या माणसाला त्रासाची. शेजारची अंधार बाव (जुनी विहीर) बाळाला घेऊन नको, पायऱ्या आणि काळोख दोन्ही आहेत. सज्जा कोठीवर वरच्या मजल्यापर्यंत जिना आहे आणि चढलात तर मुलीचा हात सोडता येत नाही. पुसाटी बुरुजावर वारा जोराचा, तिथं काही मिळवायचं नाही. बाजीप्रभूंचा पुतळा वाटेत आहे, मुलगी थांबा म्हणेल, थांबा.

साडेतीनला आवरायला घ्या, चारला गड सोडा.

रंकाळाकाठ:
मनापासून धन्यवाद. क्रम बदलला, फोनही करते. खाण्याचं आणि दुचाकीचं राहिलं. बाळ वरणभात, नाचणीचं सत्त्व खातंय, वर पावडरचं दूध. मुलगी भडंगाशिवाय बाहेर पडत नाही.

पाटाकडील_वहिनी:
भडंग घरीच ठेवा, निदान शेंगदाणे निवडून काढा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा शेंगदाणा म्हणजे घशात अडकायची भीती, आणि चालत्या गाडीत किंवा पळता पळता तर फारच. ओला हरभरा, बोरं, उसाची कांडी, हिवाळ्यात हाताशी येणारं सगळं याच जातीचं. बोरं बिया काढून चिरून द्या, कांडी मात्र नकोच. घास अडकला आणि पोराला आवाज काढता येत नसेल तर तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, घास आणखी आत जातो. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, सुटेपर्यंत आलटून पालटून. हे घरातल्या दोघांना तरी येत असावं.

वरणभातासाठी रुंद तोंडाचा थर्मास घ्या. त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, ओता, आणि मग वाफाळता वरणभात काठोकाठ भरा. अर्धा भरला तर लवकर निवतो. भात कोमट होऊन पडला की त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केल्यानं त्यांचं विष जात नाही. तीन-चार तासांत संपवा, उष्टं परत डब्यात नको. पावडरचं दूध घरून कालवून नेऊ नका. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, पावडर एका वेळेच्या मापानं कोरड्या डब्यांत, आणि कालवायचं जागेवर. कालवल्यावर मनगटावर थेंब टाकून बघा. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, मुलीला तासातासाला चार घोट आठवणीनं द्या.

येताना गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचं असेल तर मोठ्यांनी आपल्या जबाबदारीवर प्यावं. मुलांना कच्चं दूध नको. चव कितीही आवडीची असली तरी क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू उकळल्यावरच मरतात.

अंघोळ आदल्या संध्याकाळी किंवा निघण्याआधी तासभर, डोकं पूर्ण कोरडं करून. अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा क्रीम लावा, गाल आणि ओठांना पेट्रोलियम जेली, गडाच्या वाऱ्यात तिथंच फुटतं. बाळाच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधू नका. कापूर पोटात गेला तर विषारी आहे आणि दोरा गळ्याला आवळू शकतो.

बावडेकर:
दुचाकीचं: मुलीला काकाच्या पुढं अजिबात नाही. सगळा वारा तिच्या छातीवर येतो आणि ब्रेक लागला की पुढं हँडल. चार वर्षांखालच्या मुलांसाठी चालकाला बांधायचा पट्टा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला मापाचं हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. तो पाळूनही घाटरस्ता आणि उसाच्या ट्रॉल्या बघता ती गाडीतच बरी. हट्ट मोडायचा तर गडावर पोचल्यावर काकाला तिच्याबरोबर फिरायला सोडा.

रंकाळाकाठ:
शेवटचं एक. बाळाला कालपासून थोडी सर्दी आहे. न्यावं का?

पाटाकडील_वहिनी:
नाक वाहतंय पण ताप नाही, दूध नेहमीसारखं पितंय, खेळतंय, तर न्यायला हरकत नाही. निघण्याआधी आणि दूध पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, मेडिकलमध्ये तयार मिळतात. कापराचं बाम नाकाखाली लावू नका आणि धुरी देऊ नका.

शनिवारी रात्री बाळ झोपलं की छातीवरचा कपडा वर करून घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. या वयात मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा दूध ओढताना दमून सोडत असेल तर सहल बाजूला ठेवून त्याच रात्री डॉक्टरांकडं जा. नुसता ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर असेल तरी रविवारी घरीच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गुऱ्हाळं मार्चपर्यंत चालू असतात.