कमी पाण्यात टिकणारं देशी फुलझाड सुचवा

माळरान_सोलापूर: घरापुढे थोडी मुरमाड जागा आहे. दिवसभर ऊन, उन्हाळ्यात टँकरवर भिस्त. बोगनवेल नको, आपल्याच रानातलं काहीतरी हवं. काय लावू?

बांधावरचा_नाना: तरवड! नवरात्रात घटाला पिवळ्या फुलांची माळ घालतो ना, तोच. मुरमात आनंदाने वाढतो, शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. फक्त पाणी साचायला नको.

माळरान_सोलापूर: नाना, नर्सरीत मिळेल का?

पानफुटी: ताई/दादा, जपून. तरवड मागितला की पुष्कळदा 'कॅशिया' म्हणून परदेशी झाड हातात देतात, फुलं तशीच पिवळी. पानाच्या देठाशी बघा, तरवडाला तिथे कानासारखी रुंद उपपर्णं असतात. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, त्यातलं 'ऑरिक्युलाटा' त्या कानांवरूनच. ती नसतील तर घेऊ नका.

बांधावरचा_नाना: नर्सरी कशाला? हिवाळ्यात माळावर चपट्या शेंगा वाळतात, मूठभर आणा. बियांचं कवच टणक असतं, म्हणून गरम पाणी ओतून रात्रभर भिजू द्या. फुगलेल्या बिया पहिल्या पावसानंतर थेट जागेवरच टोका. सोटमूळ खोल जातं, मोठं रोप उपटून लावलं तर बहुधा दगावतं. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी द्या, पुढे त्याची गरज नाही.

शेतीवेडा: शेंगवर्गीय आहे म्हणजे जमिनीत नत्रही वाढेल.

पानफुटी: नाही हो, सेन्नाच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत. त्या आशेने लावू नका. भुंग्यांसाठी मात्र जरूर लावा. फुलावर बसून ते अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात, तो घूंऽऽ आवाज ऐकण्यासारखा असतो. पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पानं खातील, फवारणी करू नका.

माळरान_सोलापूर: खिडकी झाकली जाईल का?

बांधावरचा_नाना: पुरुषभर उंच होतो, क्वचित जास्त. शेंगा वाळल्या की गुडघ्याइतका छाटा. फुलं फांद्यांच्या शेंड्यांना येतात, त्यामुळे नवी फूट जितकी जास्त तितका बहर दाट.

काटेकोरांटी: कुंपणाच्या कडेला पिवळी कोरांटीही लावा. काटेरी आहे, पण पाणी मागत नाही. मुलं खेळतात त्या बाजूला नको. मोकळ्या मुरमावर विष्णुक्रांता पसरू द्या, निळी फुलं अगदी बारीक, सकाळीच बघायची.

माळरान_सोलापूर: तरवड पक्का. गावाबाहेरच्या टेकडीवर आहे, शेंगा वाळल्या की आणतो. कोरांटीची फांदी लावली तर जगते का?

काटेकोरांटी: जगते. पावसाळ्यात लावा.