गौरीच्या सुपाची मजुरी कोण देणार?

माजघर:
गौरीचा ओवसा, म्हणजे सुपात वाण भरून गौरीला द्यायचा विधी, जवळ आला की आमच्या तळकोकणात सुपांची शोधाशोध सुरू होते. परवा बाजारात एका मावशींनी सूप दोनशेला सांगितलं. माझ्या पुढच्या बाईंनी दीडशेच टेकवले आणि सूप घेऊन गेल्या. मावशींची दिवसाला दोन सुपं होतात. बांबूचे पैसे वजा केले तर रोजगार हमीची मजुरी तरी सुटते का? या बायांना शहरातल्या प्रदर्शनांसाठी शोभेच्या वस्तू शिकवण्याआधी आपण सूप, रोवळी, दुरडीचा सांगितलेला भाव द्यायला शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळूबन:
पटलं नाही. तांदूळ गिरणीतून निवडून येतो, मग घरात पाखडायचं काय? कणगी गेली, टोपलीच्या जागी प्लास्टिकचं घमेलं आलं. 2018 च्या बंदीनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर टाच आली, प्लास्टिकचं सूप दुकानात तसंच आहे. आमच्या बचत गटातल्या बायांनी त्याच बांबूचे आकाशकंदील केले, तेव्हा सुपाच्या तिप्पट पैसे हातात पडले. गिऱ्हाईक बदललं तर मालही बदलायला हवा.

माजघर:
कंदीलही सणापुरताच ना? आणि ऑर्डर देणाऱ्यानं रंग जमला नाही म्हणून माल परत केला तर तो आठवडी बाजारात कोण घेणार? सूप निदान गावात खपतं.

दुरडी:
मी बुरुडाच्या घरातली. तुम्ही दोघंही मालाबद्दल बोलताय, बांबूबद्दल कोणीच नाही. वाळक्या बांबूची कामटी, म्हणजे फोडून काढलेली पट्टी, वळवली की मोडते. ओला, लांब पेराचा, फार कोवळा नाही की जून नाही असा बांबू लागतो. बाबा बांबू आणून फोडायचे. कामट्या तासणं, विणणं, कड बांधणं सगळं आईचं, तरी कारागीर म्हणून नाव बाबांचं. ते गेल्यावर आईला बांबू मिळेना.

2017 साली कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, म्हणजे तो तोडायला-न्यायला वन खात्याची परवानगी लागेना. शेतकऱ्याचा फायदा झाला, चांगलंच झालं. पण आता माणग्याला, म्हणजे आमच्याकडच्या बांबूच्या जातीला, व्यापाऱ्याचा ट्रक बांधापर्यंत येतो, शेकड्यानं उचलतो. आई मागणार चार काठ्या, तिच्यासाठी कोण थांबेल? गडचिरोलीत मेंढा लेखाच्या ग्रामसभेनं 2011 मध्ये वनहक्क कायद्याखाली स्वतःचा बांबू विकायचा हक्क मिळवला. आमच्याकडे ना तसं जंगल, ना जमीन.

आणि ‘परंपरा टिकवा’ म्हणणाऱ्यांनी आईची बोटं बघावीत. माझ्या लेकीला आवडलं तर ती विणेल. जातीनं वाट्याला आलं म्हणून विणायला मी तिला बसवणार नाही.

वेळूबन:
कारागीर म्हणून नोंद बाईच्या नावानं हवी, हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या लेकीनं बसावं असं वाटायचं, तर कामात तेवढे पैसे दिसायला हवेत. सुपात ते दिसत नाहीत, म्हणून मी कंदिलावर ठाम आहे.

माजघर:
दुरडी, बांबूचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्या वाडीत यंदा सात घरी ओवसा आहे. आम्ही काय केलं तर आईंना उपयोग होईल?

दुरडी:
सुपं आषाढातच सांगा आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या. रोख हातात असली तर आई ट्रक यायच्या आधी बांबू उचलते.