चौथीच्या वर्गात कवितेतून स्थलांतर कसे शिकवावे?

प्रश्न : इयत्ता चौथीची वर्गशिक्षिका, करवीर तालुका

नमस्कार. कोल्हापूर शहरालगतच्या एका प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्ग सांभाळते. दिवाळीनंतर गळीत हंगामाला जोर आला, तशी ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळ्यांमधील तीन मुले माझ्या वर्गात दाखल झाली. त्याच वर्गात उत्तर प्रदेशातून औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा आहे आणि एका मुलीचे पणजोबा फाळणीनंतर सिंधमधून येऊन कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात स्थायिक झालेले आहेत. या सर्वांना सोबत घेऊन ‘गाव सोडताना’ या विषयावर मुलाखती, कविता आणि शेवटी एक हस्तलिखित असा प्रकल्प करावा, असे मनात आहे.

अडचण अशी की, गेल्या वर्षी मी ‘माझे गाव’ हा निबंध लिहायला दिला, तेव्हा टोळीतली एक मुलगी तासभर कोरे पान समोर घेऊन बसली आणि अखेर तिने मला विचारले, ‘‘बाई, कोणतं गाव लिहू?’’ मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. विषय वर्गात आणायचा, परंतु बाहेरून आलेले मूल इतरांच्या कुतूहलाचा किंवा दयेचा विषय होऊ द्यायचे नाही, हे कसे साधावे? नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडून कविता लिहून घेण्याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया तोही सविस्तर लिहावा.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, भुदरगड तालुका

बाई, सुरुवात बाहेरून आलेल्या मुलांपासून करूच नका. ती इथल्या मुलांच्या घरांपासून करा. प्रत्येकाने आपल्या आईला आणि आजीला एवढेच विचारून यावे की, तू या गावात कधी आलीस आणि येताना सोबत काय आणलेस. आपल्याकडे लग्न होऊन आलेली जवळजवळ प्रत्येक बाई दुसऱ्या गावाहून आलेली असते, आणि तरीही आपल्या घरात कोणी ‘बाहेरून आलेले’ आहे, हे मुलांच्या कधी लक्षातच आलेले नसते. मी हा प्रश्न दिला, त्या वर्षी कोणाच्या घरून पितळी डब्याची हकिकत आली, कोणाच्या आजीने माहेरच्या परसातून आणून लावलेल्या शेवग्याची, आणि दोन आज्यांनी तर शाळेत येऊन जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या.

कवितेची ओळख करून देण्यासाठी मला ओवीइतके सोयीचे दुसरे काही सापडले नाही. ती लहान असते, बोलल्यासारखी असते, कोणाला तरी उद्देशून असते, आणि दळणाऱ्या हाताची लय तिच्यात असल्यामुळे ती मुलांना शिकवावी लागत नाही, हात फिरवता फिरवता ती आपोआप अंगी येते. पहिली ओळ तुम्ही द्यावी, दुसरी मुलांनी जोडावी. मात्र यमकाचा आग्रह धरू नये, कारण तो धरला की मुले ‘नदी’ला ‘गादी’ जुळवत बसतात आणि सांगायचे ते राहून जाते.

उत्तर २ : एक पालक, कोल्हापूर

आपल्या जिल्ह्यातच या विषयाचा एक मोठा धडा आहे, तो वर्गापुढे अवश्य ठेवावा. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने या कुटुंबांना घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या भागांत नेले होते; १९४१ नंतर त्यांना तेथून बाहेर पडता आले आणि ती इराणमार्गे भारतात पोहोचली. छावणीत त्यांच्या मुलांसाठी पोलिश भाषेतून शिकवणाऱ्या शाळा होत्या. आज महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि तिकडे वॉर्सा शहरातही कोल्हापूरचे स्मारक आहे, जेथे ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अभिवादन केले.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेवर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि आज कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गांधीनगर ते हेच. म्हणजे आपल्या वर्गातील त्या मुलीचे पणजोबा एका स्थलांतरिताने रिकाम्या केलेल्या जागी आले. मुलांना उद्यानातील स्तंभ दाखवावा, जगाच्या नकाशावर दोऱ्याने तो सारा मार्ग आखून घ्यावा आणि मग वळिवड्याच्या स्थानकावर उतरलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या जागी स्वतःला कल्पून चार ओळी लिहायला सांगावे. बर्फातून आलेल्या त्या मुलीने आपला पहिला पाऊस कसा पाहिला असेल, एवढा एक प्रश्नही पुरेसा आहे.

उत्तर ३ : टोळीसोबत वाढलेला एक शिक्षक, बीड जिल्हा

गुरुजींच्या सूचनेचा आदर ठेवून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सासरी येणे आणि कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, येणे या दोन गोष्टी मुलांना सारख्या वाटू देऊ नयेत. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत परत फिरण्याचा मार्ग नसतो. मी स्वतः सहा-सात वर्षांचा असताना फडाच्या कडेला धाकट्या बहिणीला सांभाळत बसत असे, आणि त्या दिवसांत ‘तुम्ही गाव का सोडलं?’ असे जेव्हा जेव्हा मला कोणी वर्गासमोर विचारले, तेव्हा तेव्हा मी खोटे उत्तर दिले.

त्या मुलांना कारण विचारू नका, शब्द विचारा. कोपी (राहायची झोपडी) कशी बांधतात, मोळी कशाने आवळतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) कोण विकत घेते, पहाटे किती वाजता चूल पेटते, हे कोल्हापूरच्या मुलांना रोज डोळ्यांपुढे ऊस असूनही ठाऊक नसते. ज्याला माहीत आहे त्याने सांगावे आणि इतरांनी लिहून घ्यावे, म्हणजे त्या तासाला टोळीतले मूल शिकवणारे होते. त्याच शब्दांतून कविता निघते.

आणखी एक विनंती. मार्चच्या सुमारास गाळप थांबले की टोळ्या निघून जातात, त्यामुळे हस्तलिखित फेब्रुवारीच्या आत पूर्ण करा. निघताना मुलांना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पुढच्या शाळेत दाखवायचे कार्ड, द्यायला विसरू नका. बदलीचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून पुढच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पालकांना मात्र ते कोणी सांगत नाही.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ती

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. बीडच्या सरांचे म्हणणे वाचल्यावर मी ‘गाव सोडताना’ हे शीर्षक बदलून ‘सोबत आणलेले’ असे केले, कारण पहिल्या शीर्षकातच कारण विचारलेले होते, हे माझ्या आता लक्षात आले. शनिवारी टोळीतल्या एका मुलाने फळ्यावर चित्र काढून मोळी बांधायची रीत समजावली आणि सर्व मुलांनी ती वहीत उतरवली. त्यानंतर त्याने स्वतःहून तीन ओळी लिहून दिल्या :

आमच्या गावात विहीर खोल आहे,
इथं नदी जवळ आहे,
पण आजी तिकडंच राहिली.

त्या ओळींतला एकही शब्द मी बदललेला नाही. आजीसाठी वेगळी एक प्रत तयार करून ती त्याच्या हमी कार्डासोबत देणार आहे. महावीर उद्यानाची भेट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरवली आहे.