चार्जरच्या वायरीला वेल्क्रो, रबर की नाडी?

शटलवाला (मडगाव): रोज मडगाव–पणजी शटल बसने लॅपटॉप घेऊन जा-ये करणाऱ्यांसाठी हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: गोव्यात वेल्क्रोचा पट्टा टिकत नाही. बॅगेतली लव, केस, मिरामारची रेती सगळं त्याच्या बारीक आकड्यांत (हुकांत) जाऊन बसतं आणि पट्टा नुसता नावाला उरतो. रबराचं तर बोलूच नका. उकाडा आणि दमट हवेत ते चिकट होतं, मग तुटतं आणि जाताना वायरीवर काळा डाग सोडतं. केबल टाय, म्हणजे प्लास्टिकची दातेरी पट्टी, एकदा ओढला की कापावाच लागतो, आणि ब्लेड घसरलं तर वायरीचंच कव्हर जायचं.

उपाय साधा आहे: सुती नाडी. वीतभर तुकडा मधोमध दुमडायचा, वायरीमागून फास काढायचा, दोन्ही टोकं त्यातून ओढून घ्यायची. नाडी वायरीलाच राहते, हरवत नाही. वर सुरगाठ. मळली की धुवा.

बार्देशकर: बाब, नाडी मे महिन्यापर्यंत ठीक. जूनमध्ये काय कराल? भिजलेल्या सुताची गाठ नखांनीसुद्धा सुटत नाही, आणि ओली नाडी बॅगेत राहिली की चार दिवसांत बुरशीचा वास. वेल्क्रोची लव जुन्या टूथब्रशने निघते, जास्त अडकली तर टाचणीने. एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला मऊ फासे असलेली पट्टी गुंडाळीत मिळते, हवी तेवढी कापून घ्या. बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने ती लावता येते. सुरगाठ मारून दाखवा बघू!

काणकोणची: वेल्क्रोची कल्पनाच मुळी कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी फळांवरून आली. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्राल यांना ती सुचली, पेटंट १९५५ चं. कुत्र्याचे केस धरणाऱ्या आकड्यांचीच ती नक्कल, मग बॅगेतली लव त्यांनी का सोडावी? म्हणजे तक्रार शटलवाल्यांची बरोबर, पण टूथब्रशने काम भागत असेल तर नाडीच कशाला? केबल टायही १९५८ मध्ये विमानातल्या वायरींच्या जुडग्यांसाठी आला. टेबलाखालच्या न हलणाऱ्या वायरी त्याने बांधा. रोजच्या चार्जरशी त्याचं काही नातं नाही.

साउंडवाला (फोंडा): तुम्ही पट्ट्यावर भांडताय, वायर मरते गुंडाळण्याने. जत्रांच्या नाटकांना माइक लावतो, म्हणून सांगतो. तळहात ते कोपर असे वेढे घेतले की प्रत्येक वेढ्याला वायरीत एक पीळ जातो. पुढच्या वेळी उलगडताना गाठी पडतात त्या यामुळेच. आम्ही एक वेढा सरळ, पुढचा मनगट फिरवून उलटा घेतो. पीळ एकमेकांना खातात आणि वायर फेकली की सरळ पडते. चार्जरचे वेढे वाडग्याएवढे मोठे ठेवा आणि अडॅप्टरमधून वायर निघते तिथे बोटभर जागा सैल सोडा. पट्टा त्यानंतर कुठलाही लावा.

शटलवाला (मडगाव): कुठलाही कसा? काचलेला पट्टा त्याच जागी वायर दाबतो. नाडी जबरदस्ती करत नाही, हाच तर माझा मुद्दा.

साउंडवाला (फोंडा): नाडीसुद्धा करकचून बांधणारे पाहिलेत. बऱ्याच चार्जरच्या बारीक वायरीत मधे एक तार आणि तिच्याभोवती दुसऱ्या तारेचे केसासारखे धागे असतात. अडॅप्टरभोवती घट्ट गुंडाळली की ते धागे मानेपाशी एकेक करून तुटतात. वरून कव्हर धड दिसतं, पण चार्जिंग मात्र वायर हलवली की चालू, सोडली की बंद. हा रोग पट्टा बदलून बरा होत नाही.

पर्वरीची आयटीवाली: पणजीत पाटोवरच्या ऑफिसातून सहाला निघून बसस्टँड गाठताना एक सरळ, एक उलटा कोण करतंय, दादा? माझा चार्जर यूएसबी-सीचा, वायर दोन्ही टोकांनी सुटते. अडॅप्टर बॅगेच्या एका कप्प्यात, वायर दुसऱ्या कप्प्यात, वर सिलिकॉनचा बटणवाला पट्टा. सिलिकॉन रबरासारखं चिकट होत नाही, भिजलं तर पुसलं की झालं.

बार्देशकर: आणि धूळ? सिलिकॉनला ती अशी बसते की तांबड्या मातीच्या रस्त्याने गेलात तर पट्ट्याचा रंगच बदलतो.

पर्वरीची आयटीवाली: मग धुते. वेल्क्रोसारखं टाचणी घेऊन कोरत बसावं लागत नाही.

शटलवाला (मडगाव): साउंडवाले, वेढ्यांचं तुमचं पटलं, आजपासून वाडग्याएवढे. नाडीचं मात्र सोडणार नाही. पावसाळ्यापुरती नायलॉनची घेतो, ती सुताइतकं पाणी धरत नाही.

साउंडवाला (फोंडा): नायलॉनवर सुरगाठ घसरते. दुहेरी मारा.